टिपणात चढला तो सापडला

माझे वडील मोजणी खात्यात शिपाई होते. शिपाई म्हणजे फायली इकडून तिकडे नेणारे नव्हेत, साखळी धरणारे. जमीन मोजायची ती साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, हा हिशेब मला शाळेत जायच्या आधीच पाठ होता. मोजणीदार साहेब टिपण उघडून सांगायचे, या खुणेपासून एवढ्या साखळ्या पुढे आणि तिथून एवढं अंतर उजवीकडे. वडील तिथं जाऊन कुदळ मारायचे. जुना हद्दीचा दगड कधी सापडायचा, कधी कुणीतरी तो उपटून विहिरीच्या काठाला लावलेला असायचा. दगड दिसला की शेतकरी खूश व्हायचा, चहा सांगायचा. वडील मात्र साहेबांची पेन्सिल कागदावर टेकेपर्यंत दगडावरचा पाय काढायचे नाहीत. ‘टिपणात चढला तो सापडला,’ असं त्यांचं म्हणणं. नाहीतर उद्या कुणी विचारलं तर दाखवायचं काय?

वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं हे वाक्य मला एकदम आठवलं ते २०२३ च्या उन्हाळ्यात, आमच्या मिरजेपासून जवळजवळ तेरा हजार किलोमीटरवर, अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या स्वयंपाकघरात, कम्प्युटरसमोर बसलेलो असताना. आज मी तुम्हाला तीच हकिगत सांगणार आहे. एका खेळाची ती हकिगत आहे, आणि त्या खेळात सापडलेल्या वस्तूंचा हिशेब ठेवणाऱ्या एका अवघड सॉफ्टवेअरचीही.

माझा मुलगा ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराच्या उपनगरात नोकरीला आहे. त्या भागात कम्प्युटरच्या चिपा बनवणारे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे मराठी माणसंही बरीच. मी तीन महिने त्याच्याकडे राहिलो. तो सकाळी कामावर गेला की मी एकटा. शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ राहत होते, शाळेच्या बसचे निवृत्त ड्रायव्हर. पत्नी चार वर्षांपूर्वी वारलेली, आणि दृष्टी अधू होत चाललेली. मुलगा एके दिवशी म्हणाला, ‘‘पप्पा, शेजारच्या आजोबांना कुणीतरी वाचून दाखवणारं आणि टाइप करणारं हवंय. तुम्ही जाल का?’’ मी मराठीचा बी. ए. कविता वहीत लिहितो. कम्प्युटरवर माझी मजल ई-मेल आणि बातम्यांपर्यंत. पण वाचून दाखवायला काय हरकत आहे, असं म्हणून गेलो.

त्यांनी टेबलावर अकरा वह्या ठेवल्या. वळणदार अक्षरात तारखा, जागांची नावं आणि दोन-दोन ओळींची टिपणं. ‘‘हिच्या वह्या,’’ ते म्हणाले. ‘‘आम्ही दोघांनी शोधलेल्या डब्या.’’

कसल्या डब्या, ते समजण्यासाठी थोडं मागं जायला हवं.

आकाशात अमेरिकेचे उपग्रह फिरतात आणि हातातल्या यंत्राला ते आपली जागा सांगतात, ही गोष्ट आता रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. जीपीएस ही मुळात लष्कराची व्यवस्था. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं, २६९ माणसं मेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं, की ही व्यवस्था तयार झाली की सामान्य लोकांनाही वापरू देऊ. ती १९९५ मध्ये पूर्ण झाली. पण लोकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. जागा शंभरेक मीटरनं इकडे तिकडे दाखवली जायची. शंभर मीटरच्या घोळात बोट सापडेल, झाडाच्या बुंध्यातली डबी कशी सापडणार?

१ मे २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ही मुद्दाम केलेली चूक काढून टाकत असल्याचं सांगितलं आणि त्याच मध्यरात्री ती बंद झाली. जगभरातली यंत्रं एका रात्रीत जवळजवळ दहापट अचूक झाली. पोर्टलंडजवळ राहणाऱ्या डेव्ह अल्मर नावाच्या कम्प्युटर सल्लागाराला वाटलं, हे खरं की खोटं ते करूनच पाहू. ३ मे रोजी त्यानं बीव्हरक्रीक गावाजवळच्या जंगलात एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. आत पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल, घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा असं काहीबाही आणि एक वही. मग जागेचे अक्षांश-रेखांश त्यानं इंटरनेटवर जीपीएसच्या हौशी मंडळींना कळवले : ४५ अंश १७.४६० मिनिटं उत्तर, १२२ अंश २४.८०० मिनिटं पश्चिम. नियम एवढाच, की काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत नोंद करा.

तीन दिवसांत माइक टीग नावाचा माणूस तिथं पोहोचला. मग अशा जागांची यादी तोच आपल्या पानावर ठेवू लागला. आधी या खेळाला ‘स्टॅश’ म्हणजे दडवलेला साठा म्हणत. पण त्या शब्दाला अमली पदार्थांचा वास येतो, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यानं ‘जिओकॅशिंग’ हा शब्द सुचवला. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यानं या खेळाचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा जगात अशा सगळ्या मिळून ७५ डब्या होत्या. आज त्यांची संख्या तीस लाखांच्या वर आहे.

तसा हा खेळ अगदीच नवा नाही. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर क्रॅनमियर पूल नावाची एक दलदलीची जागा आहे. १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं तिथं एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून पोहोचणाऱ्यानं त्यात आपलं कार्ड टाकायचं. पुढं तिथं वही आली, शिक्के आले. उपग्रह नव्हते, पण ‘मी इथं आलो होतो’ हे लिहून ठेवायची माणसाची हौस तीच होती.

शेजारचे आजोबा आणि त्यांच्या पत्नी २००२ मध्ये या नादाला लागले. सुट्टीच्या दिवशी दोघं निघायचे. हे गाडी चालवायचे, ती यंत्र आणि वही धरायची. सुरुवातीला दहा-वीस डब्या होत्या तोवर वही पुरली. पाचशेच्या पुढं गेल्यावर गोंधळ सुरू झाला. कुठली शोधलेली, कुठली राहिलेली, कुठल्या डबीला तीन वेळा जाऊनही काही मिळालं नाही, हे आठवेना. हा प्रश्न जगभर सगळ्याच हौशी मंडळींना पडला होता. त्यातून त्यांच्यापैकीच काहींनी सॉफ्टवेअर लिहिली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे ‘जीसॅक’, जिओकॅशिंगचा स्विस आर्मी चाकू. त्या चाकूत जशी कात्रीपासून दातकोरण्यापर्यंत सगळी पाती असतात तसं यात सगळं. आता ते मोफत मिळतं, आणि त्यात नवी भर घालणंही थांबलेलं आहे. आजोबांनी ते विकत घेतलं होतं, पण त्यांना त्यातलं चौथाई येत होतं. आता तेवढंही दिसत नव्हतं. पत्नीच्या वह्यांतली प्रत्येक नोंद त्या त्या डबीच्या नावापुढं कम्प्युटरवर चढवून ठेवायची, एवढी त्यांची इच्छा होती. ‘‘वह्या कागदाच्या आहेत,’’ ते म्हणाले, ‘‘आणि मला त्या आता वाचता येत नाहीत. कम्प्युटर निदान मोठ्या अक्षरात दाखवतो.’’

मी पहिल्यांदा तो पडदा पाहिला आणि माझा धीर सुटला. तलाठ्याच्या दप्तरापेक्षा जास्त रकाने! डबीचा क्रमांक, नाव, अंतर, दिशा, लपवल्याची तारीख, शोधल्याची तारीख. शोधायला किती अवघड आणि पोहोचायला किती अवघड याचे दोन वेगळे गुण, एक ते पाच, अर्ध्या अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांनी. म्हणजे नऊ गुणिले नऊ, एक्याऐंशी प्रकार. शेवटच्या चार जणांना डबी सापडली की नाही ते दाखवणारे चार रंगीत चौकोन, हिरवा म्हणजे सापडली, लाल म्हणजे नाही. एका ओळीत चारही चौकोन लाल दिसले. मी विचारलं, हे काय? आजोबा म्हणाले, ‘‘ती डबी बहुतेक राहिलेलीच नाही. पण कुणी तसं सांगायला धजत नाही.’’

पहिला धडा अंशांचा. सरावासाठी आजोबांनी मला अल्मरच्या बादलीची जागा भरायला सांगितली. मी ४५ नंतर टिंब दिलं आणि १७४६० लिहिलं. खूण भलतीकडेच उमटली. आजोबा हसले. अंशानंतरचे आकडे हे मिनिटं असतात, साठांचा हिशेब, दशांश नव्हे. माझ्या एका टिंबामुळं बादली तेरा किलोमीटर सरकली होती. आणि मिनिटांच्या शेवटच्या आकड्यात एकाचा फरक पडला तर जागा सुमारे दोन मीटरनं हलते. मला वडिलांची साखळी आठवली. तिथंही एक कडी चुकली की भावाभावांत कोर्टकचेरी.

अक्षांश-रेखांशांशी माझी ओळख तशी दुसऱ्याच वाटेनं झाली होती. आम्ही मिरजेत नमाजाला पश्चिमेकडं तोंड करतो. पोर्टलंडच्या घरात मुलानं चटई अंथरली ती जवळजवळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कललेली. मी म्हटलं, चुकलास. तो म्हणाला, ‘‘पप्पा, पृथ्वी गोल आहे. इथून मक्केची सगळ्यात जवळची वाट उत्तरेवरून जाते.’’ उत्तरेपासून सतरा-अठरा अंश पूर्वेला. हजार वर्षांपूर्वी, १०२५ च्या सुमारास, अल्-बिरुनीनं गझनीत बसून शहरांचे अक्षांश-रेखांश कसे काढायचे यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला, तो या दिशेच्याच प्रश्नापायी. त्याच्याकडे ना उपग्रह होते ना बॅटरीवरची यंत्रं. सूर्याची उंची, ग्रहणं आणि तांड्यांनी चाललेली अंतरं, एवढ्या भांडवलावर त्यानं हिशेब मांडला. म्हणजे आपण नेमके कुठे आहोत हे आकड्यांत लिहायची धडपड फार जुनी आहे. बादली तेवढी नवी.

दुसरा धडा चाळणीचा. या सॉफ्टवेअरचा खरा जीव तोच. ‘फक्त २००५ मधल्या’ अशी चाळणी लावली की दोन हजारांपैकी दीडशे ओळी उरतात, बाकीच्या दिसेनाशा होतात. पहिल्या दिवशी मी घाबरलो, वाटलं सगळं गेलं. आजोबा म्हणाले, ‘‘गेलं नाही, झाकलंय. चाळणी काढा.’’ चाळणी काढली, सगळं परत. पुढं मला त्याची गोडी लागली. फक्त पावसातल्या, फक्त नदीकाठच्या, फक्त ज्या नोंदीत तिनं कुत्र्याचा उल्लेख केलाय त्या. एका दुपारी सहज अंतराचा मध्यबिंदू बदलून मिरजेचे आकडे भरून पाहिले. क्षणात अंतराच्या रकान्यातले दोन-चार किलोमीटर पुसले गेले आणि सगळ्या ओळींपुढं बारा हजार आठशे, बारा हजार नऊशे असे आकडे उभे राहिले. मुलाच्या घराचं अंतर मी तसं आकड्यात कधी पाहिलं नव्हतं. मी घाईनं मध्यबिंदू परत आजोबांच्या घरावर ठेवला.

रोज तीन तास असं काम चाललं. मी वहीतली नोंद मोठ्यानं वाचायचो, आजोबा डोळे मिटून ऐकायचे, कधी दुरुस्ती सांगायचे, मग मी टाइप करायचो. इंग्रजी लेखनात माझ्या चुका व्हायच्या, पण तिच्या नोंदी साध्या असत. ‘पुलाखाली. हात काळे झाले.’ ‘एक मुलगा रडत होता, त्याला डबीतला शिट्टीवाला पक्षी दिला.’ ‘आज भांडलो. डबी मला सापडली.’ ही शेवटची वाचल्यावर आजोबा बराच वेळ हसत होते.

अकराव्या दिवशी माझ्या हातून घात झाला. आसपासच्या न शोधलेल्या डब्यांची एक यादी मी चुकून याच दप्तरात ओतली होती. ती काढून टाकायची म्हणून न सापडलेल्यांची चाळणी लावली. निदान मला तसं वाटलं. प्रत्यक्षात मी सापडलेल्यांची लावली होती. ‘पडद्यावर आहेत त्या सर्व पुसू का?’ असं सॉफ्टवेअरनं विचारलं. मी ‘हो’ म्हटलं. एकवीस वर्षांचं दप्तर चार-पाच सेकंदांत साफ झालं.

या वेळी चाळणी काढूनही काही परत आलं नाही. मी आजोबांना सांगितलं. ते गप्प राहिले, मग म्हणाले, ‘‘डब्यांची यादी संकेतस्थळावरून पुन्हा मागवता येईल.’’ मागवली, आली. पण ती टिपणं कशी येणार? ती संकेतस्थळावर नव्हतीच, फक्त या कम्प्युटरमध्ये होती, आणि मी ती पुसली होती. मी आयुष्यात कविता पुष्कळ फाडल्या, पण त्या माझ्या होत्या. दुसऱ्याच्या मेलेल्या बायकोचे शब्द मी पहिल्यांदाच पुसले होते.

संध्याकाळी मुलगा कामावरून तसाच शेजारी आला. त्यानं विचारलं, ‘‘बंद करताना हा प्रोग्राम काही विचारतो का?’’ आजोबा म्हणाले, ‘‘हो, प्रत ठेवू का म्हणून विचारतो. ती म्हणायची, नेहमी हो म्हणत जा. मी म्हणतो.’’ शुक्रवारची प्रत सापडली. त्या दिवशी सोमवार होता. शुक्रवारपर्यंतचं सगळं जागच्या जागी परत बसलं. शनिवार-रविवारच्या आणि त्या सकाळच्या नोंदी मी वहीतून पुन्हा चढवल्या, एकशे चौदा नोंदी. तेव्हापासून उठताना मी विचारायच्या आधीच ‘हो’ म्हणायला तयार असतो. पण एक गोष्ट मनात राहिली. प्रतीतून जे आलं नाही, ते शेवटी त्या कागदाच्या वहीनंच परत दिलं.

काम संपत आलं तेव्हा बेरीज जुळेना. वह्यांत २,१४६ सापडलेल्या, कम्प्युटरवर २,१४३. तीनचा फरक. दोन दिवस आम्ही ओळीला ओळ लावत बसलो. दोन डब्या अशा निघाल्या, की त्यांच्याकडे ही मंडळी वर्षांनी परत गेली होती आणि तिनं त्या पुन्हा मोजल्या होत्या. सॉफ्टवेअर एका डबीला एकच ओळ देतं. राहिली एक. सातव्या वहीत तारीख, नाव, पुढं बरोबरची खूण आणि ‘एकटीच गेले होते’ एवढंच. संकेतस्थळावर तिची नोंद नव्हती. ती डबी केव्हाच नाहीशी झालेली, आतली सहीची वहीही तिच्याबरोबर गेलेली.

संकेतस्थळावर अशी मागच्या तारखेची नोंद अजूनही करता येते. आजोबांनी मला विचारलं, ‘‘तुम्ही काय केलं असतं?’’ मी त्यांना वडिलांची गोष्ट सांगितली. साखळी, टिपण, दगडावरचा पाय. ते ऐकून ते म्हणाले, ‘‘तुमच्या वडिलांच्या नियमानं तर ती सापडली. वहीत चढली आहे.’’ मी म्हटलं, हो. मग त्यांनी मान हलवली. ‘‘पण खात्यात मी ती चढवणार नाही. खातं दोघांचं होतं. तिथं ती एकटी गेली आणि मला सांगितलं नाही. ते तिचं आहे.’’ त्यांनी मला ती नोंद फक्त कम्प्युटरमधल्या खासगी टिपणात, कुठल्याही डबीशी न जोडता, लिहून ठेवायला सांगितली.

निघायच्या आठवड्यात मुलानं आम्हा दोघांना बीव्हरक्रीकजवळच्या त्या पहिल्या जागी नेलं. बादली आता नाही. २००३ मध्ये तिथं आठवणीची एक पाटी बसवली आहे आणि जवळच डबी आहे. आजोबांना पाटी दिसली नाही, त्यांनी हातानं चाचपली. डबीतल्या वहीत मी माझं नाव मराठीत लिहिलं आणि खाली तारीख घातली. मुलगा म्हणाला, ‘‘पप्पा, संकेतस्थळावर नोंद करायला तुमचं खातं नाहीये.’’ मी म्हटलं, राहू दे. कागदावर चढलंय.

त्यांची ई-मेल अजून येते, मोठ्या अक्षरात. बेरजेत एकाचा फरक तसाच आहे. मी परत आल्यावर वडिलांची ट्रंक काढली. तिच्यात साखळीची एक सुटी कडी निघाली. ती कुठल्या गावच्या मोजणीत तुटली, हे त्यांनी कुठंच लिहून ठेवलेलं नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)